अकरावा रकाना: नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं प्रकरण

एक्सेलची शीट होती, अकरा रकान्यांची. नाव, वय, वजन, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, डावा डोळा, उजवा डोळा, छातीचा एक्स-रे, रक्तगट आणि शेवटचा अकरावा, एचआयव्ही. वरपासून खालपर्यंत ‘नॉन-रिॲक्टिव्ह’, ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ आणि मधेच एका ओळीत ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे संसर्गाचा संशय. लॅबच्या पोराने तो चौकोन पिवळा रंगवला होता. त्यात त्याचा काही वाईट हेतू नसावा. ज्यांची शुगर दोनशेच्या वर गेली होती त्यांचेही चौकोन त्याने पिवळेच केले होते.

शीट कंपनीच्या मेलवर दुपारी तीनच्या सुमारास आली. तो मेल चार मोबाइलवर उघडतो: मालक, मुनीम आणि दोन सुपरवायझर. संध्याकाळी सहाला गेटासमोरच्या टपरीवर बातमी होती. त्या ड्रायव्हरची गाडी तेव्हा पांढरकवड्याच्या पुढे आदिलाबादच्या वाटेवर होती. म्हणजे ज्याचा रिपोर्ट, त्याला सोडून सगळ्यांना कळलेलं.

हे प्रकरण नोव्हेंबर २०२३चं. कंपनीचं नाव देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत. ड्रायव्हरला लिहू का म्हणून विचारलं होतं. म्हणाला, “लिहा ना साहेब. गाडीचा नंबर नका टाकू फक्त.”

काढायचं कसं?

मी नागपुरात लहान-मध्यम कंपन्यांची कामगार कायद्याची कामं पाहतो. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, हजेरीपट. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा फोन आला.

“साहेब, हैदराबाद लाइनचा आपला तो ड्रायव्हर आहे ना, त्याच्या रिपोर्टात ते निघालं. माणूस सोन्यासारखा आहे हो. अकरा वर्षं झाली, गाडीला साधा ओरखडा नाही. पण आता ठेवता येत नाही ना. हिशोब करून देतो, ग्रॅच्युइटी देतो, वरून पन्नास हजार देतो. कागद फक्त असा करा का नंतर झंझट नको.”

मालक वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोविडच्या लॉकडाउनमध्ये गाड्या उभ्या होत्या तेव्हा त्याने एकालाही घरी पाठवलं नव्हतं. पण घाबरलेला चांगला माणूस फार सफाईने अन्याय करतो, कारण पन्नास हजार वरून दिले की त्याला रात्री झोप लागते.

मी म्हटलं, “भाऊ, असा कागद होत नाही.”

खरंच होत नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारणं, नोकरीवरून काढणं किंवा वेगळी वागणूक देणं हा त्यात भेदभाव ठरतो. नोकरी देण्याची अट म्हणून ही चाचणी मागता येत नाही. काढायचंच असेल तर स्वतंत्र आणि पात्र डॉक्टरचं लेखी मूल्यमापन लागतं, की हा माणूस कामाला असमर्थ आहे किंवा त्याच्यापासून इतरांना संसर्गाचा मोठा धोका आहे. ट्रकच्या केबिनमध्ये असा धोका कुठून आणणार? स्टिअरिंग, चादर, डबा, डास, घाम यातून हा विषाणू जात नाही.

“पण ड्रायव्हर आहे, साहेब. फिटनेस?”

जड वाहनाच्या लायसन्ससाठी डॉक्टरकडून जो फॉर्म १-अ भरून घेतात, त्यात नजर विचारतात, रातांधळेपणा, ऐकू येणं, हातापायांतलं व्यंग विचारतात. एचआयव्ही त्यात नाही. जे आरटीओ विचारत नाही ते आपण कशाला विचारायचं?

आणि हे फक्त २०१८नंतरचं आहे असंही नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका रोजंदारी कामगाराची केस आली होती. सरकारी मालकीच्या एका कंपनीत तो कायम व्हायचा होता. तपासणीत एचआयव्ही निघाला आणि त्याचं नाव कापलं. न्यायालयाने त्याला खरं नाव न सांगता, एमएक्स या नावाने लढू दिलं आणि सांगितलं की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर नुसत्या एचआयव्हीवरून त्याचं काम काढून घेता येणार नाही. मालकाला मी हा निकाल सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे कोर्टात आपण हरतो.” हो. कधीकधी न्यायाची सुरुवात इतक्या साध्या हिशोबानेही होते. मी तक्रार केली नाही.

पुढचा मुद्दा त्याने स्वतःच काढला. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमायचा असतो. “आपल्या पटावर तर चौसष्टच आहेत.” पटावर चौसष्ट, बरोबर. चाळीस ड्रायव्हर, नऊ क्लिनर, बाकी ऑफिस आणि वर्कशॉप. ठेकेदाराचे चाळीस-पंचेचाळीस हमाल धरले की शंभर होतात, आणि ते रोज याच फाटकातून आत येतात. त्यावर वाद घालता येईल. पण तक्रार अधिकारी नेमायचा की नाही एवढ्यापुरताच तो वाद. भेदभाव करू नये, रिपोर्ट फोडू नये, याला माणसांचा आकडा लागत नाही. दोन माणसांच्या दुकानालाही ते लागू आहे.

आता माझी चूक. त्या आरोग्य शिबिराचं कोटेशन माझ्या टेबलावरून गेलं होतं. मी दर पाहिला, जीएसटी पाहिला, ‘संपूर्ण रक्ततपासणी पॅकेज’ वाचलं आणि पुढे सरकवलं. संमतीपत्र एका ओळीचं होतं: ‘मी सर्व तपासण्यांस संमती देत आहे’. खाली चौसष्ट सह्या, त्यातले आठ अंगठे. कायद्याला अशी संमती चालत नाही. एचआयव्हीच्या चाचणीसाठी वेगळी, समजावून घेतलेली संमती लागते, चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन लागतं, आणि निकाल फक्त त्या माणसाला द्यायचा असतो. इथे मालकाने सत्तर टक्के सवलतीत ‘फुल बॉडी’ घेतली होती आणि अकरावा रकाना फुकटात आला होता. तो मागितला कोणी नव्हता. नको कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

फुटलेली गोष्ट परत भरता येत नाही

हैदराबादहून गाडी परत यायला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत ठरवायचं होतं.

एका सुपरवायझरने सुचवलं की सगळ्यांना सांगून टाकू, रिपोर्ट चुकला होता. मोह होण्यासारखी सूचना होती. पण खोटं बोलून वाचवलेला माणूस पुढच्या अफवेपर्यंतच वाचतो, आणि उद्या तो स्वतःच औषध घेताना दिसला की पुन्हा तोच तमाशा. खरं सांगण्यासारखंही बरंच होतं. शिबिरात झालेली एका कार्डावरची चाचणी म्हणजे निदान नव्हे. सरकारी केंद्रात तीन वेगवेगळ्या किटवर तपासून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणून मालकाने सगळ्यांना एवढंच सांगितलं: शिबिरातला तो रकाना बेकायदेशीर होता, चूक कंपनीची आहे, त्यावरून कोणीही कोणाबद्दल काही धरू नये, आणि जो बोलेल त्याच्यावर कारवाई होईल. शीट चारही मोबाइलवरून पुसली. लॅबला लेखी पत्र गेलं, त्यांच्याकडची काढायला. त्यांनी काढली म्हणून उत्तर आलं.

टपरीवर मात्र एक गोष्ट झाली ती झालीच. तिथे सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा मिळतो. त्या ड्रायव्हरला कागदी कप यायला लागला. कोणी काही बोललं नाही, फक्त कप बदलला. मालकाने टपरीवाल्याला दोनदा समजावलं, पण टपरी त्याच्या मालकीची नाही आणि गिऱ्हाइकं टपरीवाल्याची आहेत. ड्रायव्हरने तिथला चहा सोडला तो सोडलाच. आता तो वाडी नाक्याच्या पुढे थांबून पितो.

परत आल्यावर मी त्याला भेटलो, ऑफिसात नाही, बाहेर. पहिल्यांदा चुकीची माफी मागितली. त्याला सगळं माहीत होतं. क्लिनरच्या मोबाइलवर कुणीतरी आधीच टाकलेलं. तो म्हणाला, “मले फक्त हे सांगा, गाडी राहते का जाते?” बायकोचं नाही, तब्येतीचं नाही, पहिला प्रश्न गाडीचा. मी सांगितलं, राहते.

“कुठून लागला असेल” हे मी विचारलं नाही. ऑफिसातल्या प्रत्येकाने मला मात्र तेच विचारलं. उत्तर कळलं असतं तर कोणाच्या कामाचं होतं ते मला अजून उमगलेलं नाही.

गोळी फुकट, रोज बुडते

नागपूरच्या शासकीय रुग्णालयांत, मेडिकल असो की मेयो, मोफत समुपदेशन आणि चाचणी केंद्रं आहेत. अशाच एका केंद्रात तो गेला, बायकोला घेऊन. तिथल्या समुपदेशक ताईंनी तासभर दिला. तिन्ही किटवर त्याचा निकाल पॉझिटिव्ह, बायकोचा निगेटिव्ह. त्याला एचआयव्हीचा संसर्ग होता, एड्स नव्हता. हे दोन शब्द आपल्याकडे एकाच श्वासात बोलतात म्हणून मुद्दाम लिहितो. खोकला, ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम हे चार प्रश्न विचारून टीबीही पाहिला, कारण एचआयव्ही असलेल्यांचे सगळ्यांत जास्त जीव टीबीच घेतो. ते निघालं नाही. आठवड्याच्या आत गोळ्या सुरू झाल्या.

गोळी एकच, रोज एक. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं तिच्यात एकत्र असतात. केंद्रावर तिला टीएलडी म्हणतात. १ एप्रिल २००४पासून सरकार हे उपचार मोफत देतं. त्याच्याही आधी, २००१ साली, मुंबईच्या सिप्लाने एका रुग्णासाठी तीन औषधांचं वर्षभराचं मिश्रण एका आंतरराष्ट्रीय डॉक्टर-संघटनेला ३५० डॉलरला देऊ केलं होतं. तेव्हा परदेशी कंपन्यांचा त्याच औषधांचा भाव वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. धंद्याने एचआयव्हीसाठी काय केलं असं कोणी विचारलं तर मी आधी हे सांगतो. त्या एका भावामुळे आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या लाखो लोकांच्या हातात गोळी आली.

पण वाडीचा ट्रान्सपोर्टवाला काही सिप्ला नाही. औषध बनवायचं नाही, विकत घ्यायचं नाही, त्याला खर्चही नाही. मग त्याच्या हातात काय उरतं? हे मला कायद्याच्या पुस्तकाने सांगितलं नाही, ड्रायव्हरने सांगितलं.

“गोळी तं फुकटात भेटते, साहेब. पण रोज बुडते त्याचं काय?”

नीट पाहू. उपचार सुरू झाल्यावर पहिली फेरी पंधरा दिवसांनी. मग दर महिन्याला. सहा महिन्यांनी व्हायरल लोडची तपासणी, रक्तात विषाणू किती उरला ते पाहायला. पुढे बाराव्या महिन्याला आणि मग वर्षातून एकदा. सगळं जमून आलं की तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. प्रत्येक खेपेला सकाळ जाते, कधी दुपारही. ऑफिसात बसणाऱ्याला हे काहीच नाही. लाइनच्या ड्रायव्हरला मात्र दिवस म्हणजे फेरी. हैदराबादची फेरी चार दिवसांची. मंगळवारची तारीख असेल आणि भाडं सोमवारी रात्री निघत असेल, तर एका सकाळीसाठी अख्खी फेरी जाते. फेरी गेली की भत्ता गेला, खुराकी गेली. त्यामुळे माणूस तारीख सोडतो. तारीख सोडली की गोळ्या संपतात. गोळ्या मधेमधे संपत राहिल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

उलट रोज घेतल्या तर? रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि ज्याच्यात तो असा सापडत नाही त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. साथ संपवण्याचं आजचं सगळ्यांत मोठं हत्यार हेच आहे. ज्यांना संसर्ग आहे त्यांतल्या ९५ टक्क्यांना ते माहीत असावं, माहीत असलेल्यांतले ९५ टक्के उपचारावर असावेत, उपचारावरच्यांतल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा, असं जगाने २०२५साठी ठरवलं होतं. तिन्हींत आपण सगळ्यांत मागे आहोत ते पहिल्यात. देशात २०२१च्या अंदाजाने २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यांतले ३.९४ लाख महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. यातल्या कितीकांना आपला निकाल माहीतच नाही. का नाही, याचं एक उत्तर अकराव्या रकान्यात आहे: निकाल कळला तर तो आधी मुनीमला कळेल, ही भीती.

म्हणजे दोनच गोष्टी मालकाच्या हातात आहेत. कागद कोण पाहतो, आणि दिवस कोणाचा बुडतो. मला तरी हे प्रकरण एवढ्यावरच येऊन थांबतं.

मालकाचा पहिला उपाय दयेचा होता. त्याला लोकल फेऱ्यांवर टाकू: बुटीबोरी, हिंगणा, कळमना, रोज रात्री घरी. ऐकायला किती छान! ड्रायव्हरने साफ नाही म्हटलं. लोकलला भत्ता नाही, महिन्याला आठ-नऊ हजारांचा फरक पडतो. आणि अकरा वर्षं हैदराबाद चालवणारा माणूस अचानक कळमन्यात संत्र्याच्या पेट्या उतरवताना दिसला, की उरलेल्यांनाही कळणार. त्याला सवलत नको होती. त्याला फक्त काही ठराविक सकाळी नागपुरात असायचं होतं.

दुसरा उपाय त्याच्यासाठी खास पगारी सुट्टीचा. तोही त्याच कारणाने पडला. एकट्यालाच सुट्टी म्हणजे पुन्हा एक पिवळा चौकोन.

‘तारीख’

शेवटी जे ठरलं ते असं. पटावरच्या चौसष्टच्या चौसष्ट माणसांना तीन महिन्यांतून एक पगारी दिवस. कारण विचारायचं नाही, चिठ्ठी मागायची नाही. अट एकच, पंधरा दिवस आधी सांगायचं, म्हणजे भाडी लावताना मुनीमला त्या सकाळी ती गाडी नागपुरात ठेवता येते. लाइनच्या ड्रायव्हरला त्या दिवसाचा सरासरी भत्ताही धरायचा.

मुनीमकाका खवळले. तीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, कापलेला माणूस. “तीन महिन्यातून एक म्हणजे वर्षाचे चार. चौसष्ट चोक दोनशे छप्पन्न. आठशे रुपये धरले तरी दोन लाख चार हजार आठशे. कोण भरणार हे, तुमचा कायदा?” गुणाकार बरोबर होता. मालकाने दुसरा गुणाकार मांडला. अनुभवी ड्रायव्हर सुटला की गाडी सरासरी बारा-पंधरा दिवस उभी राहते. हप्ता, इन्शुरन्स, टॅक्स थांबत नाहीत. त्याच्या अंदाजाने दिवसाला चार हजार. नवा ड्रायव्हर डिझेलचा ॲव्हरेज बसवायला आणखी दोन महिने घेतो. वर्षाला पाच-सहा ड्रायव्हर सुटतातच. त्यातले दोन थांबले तरी निम्म्याहून जास्त निघाले. काकांना हे पटलं असं नाही, पण त्यांना आकड्यांत उत्तर मिळालं आणि ते गप्प बसले.

फळ्यावर काय लिहायचं, हा प्रश्न ड्रायव्हरनेच सोडवला. डिस्पॅचच्या खोलीत पांढरा फळा आहे, गाडीचा नंबर, ड्रायव्हर, लाइन, भाडं. सुट्टीच्या जागी ‘आरोग्य दिन’ वगैरे लिहायची मालकाची फार इच्छा होती. तो म्हणाला, “‘तारीख’ लिहा.” विदर्भातल्या ड्रायव्हरला तारीख म्हणजे कोर्टाची तारीख, शेताच्या धुऱ्याची, बँकेची, चालानची, कोणाची ना कोणाची असतेच. कोणी कोणाला विचारत नाही. तेव्हापासून फळ्यावर ‘तारीख’च असतं.

पण पहिले सहा महिने फेऱ्या दर महिन्याला होत्या आणि तारीख तीन महिन्यांतून एक. मधल्या फेऱ्यांसाठी त्याने आपली साप्ताहिक सुट्टी सरकवली, मालकाने दोनदा भाडं अर्धा दिवस उशिरा भरलं. एकदा फसलंच. निर्मलजवळ गाडी बंद पडली आणि तारीख गेली. तेव्हा ताईंनी फोनवर सांगितलेलं कामी आलं: केंद्रावरून मिळालेलं हिरवं पुस्तक सोबत असेल तर प्रवासातल्या रुग्णाला दुसऱ्या गावच्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या, केंद्रातूनही थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात. आता ते पुस्तक गाडीच्या कागदांबरोबर, परमिट आणि पीयूसीच्या पाकिटात असतं. पोलिसाने कागद मागितले तर ते आधी काढून घ्यायचं, एवढी सवय त्याने हाताला लावली आहे.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला कुठल्याच शिबिरात कोणी सांगितली नव्हती. लाइनच्या ड्रायव्हरला ॲसिडिटी ठरलेली. ढाब्याची तर्री, रात्रीचा चहा, जागरण. प्रत्येक केबिनमध्ये ॲसिडिटीची गुलाबी बाटली सापडते. तसल्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या औषधाबरोबर डोल्युटेग्रॅव्हिर घेतलं तर ते अंगी लागत नाही. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. तो दोन्ही एकदमच घ्यायचा, झोपताना. ताईंनी विचारलं म्हणून कळलं. जुन्या गोळ्यांत इफाविरेन्झ असायचं, त्याने चक्कर आणि गुंगी यायची. रात्री गाडी हाकणारे ती चुकवायचे आणि डॉक्टरला सांगायचे नाहीत. नव्या गोळीत ती भानगड नाही, पण बाटलीची आहे. त्याने गोळीची वेळ सकाळी पहिल्या चहाबरोबर केली.

बाकीच्यांचं काय

एका माणसाचं प्रकरण निभावलं म्हणजे साथीला धक्का लागला असं नाही. नागपूर पडलंय दोन मोठ्या रस्त्यांच्या चौफुलीवर, जुना सात नंबर आणि सहा नंबर, आताचे ४४ आणि ५३. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम सगळा माल इथूनच जातो, आणि महिना-महिना घराबाहेर राहणारी माणसंही. दोन हजारच्या दशकात याच हिशोबाने देशभर हायवेवर ट्रकवाल्यांसाठी कामं झाली. टीसीआयसारख्या मालवाहतूक कंपनीच्या फाउंडेशनने ‘कवच’ प्रकल्पात खुशी क्लिनिकं चालवली, अपोलो टायर्सने ट्रान्सपोर्ट नगरांत दवाखाने उघडले. ज्याचा धंदा ट्रकवर त्यानेच ट्रकवाल्याचा दवाखाना काढावा, यात उपकाराचं काही नाही, आणि म्हणूनच ते चाललं.

या कंपनीने दवाखाना काढला नाही. जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाशी बोलून पगाराच्या दिवशी, म्हणजे सात तारखेला, एक समुपदेशक टायरच्या खोलीत बसायला लागला. सात तारखेला सगळ्या गाड्या नागपूर धरतात, म्हणून सात. टायरची खोली यासाठी, की तिथे ड्रायव्हर कोणत्याही कामाने जातो. ‘समुपदेशन कक्ष’ असा बोर्ड लावला असता तर पक्षीही फिरकला नसता. तपासणी तिथेच, ज्याला हवी त्याला, निकाल त्याच्याच कानात. गुप्तरोगाची तक्रार असेल तर सरकारी सुरक्षा क्लिनिकची चिठ्ठी. तिथे रंगीत पाकिटांतली औषधं मोफत असतात. निरोधचा डबा आधी काउंटरवर ठेवला होता, महिनाभर तसाच भरलेला. संडासाबाहेरच्या फळीवर हलवला आणि आठवड्यात रिकामा झाला. १०९७ हा हेल्पलाइनचा नंबर बिल्टीबुकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर छापला.

न जमलेल्या गोष्टीही आहेत. हमालांचा ठेकेदार ‘तारीख’ला तयार झाला नाही. “माझे पोरं रोजंदारीवर आहेत, पगारी सुट्टी कशाची?” हमाल टायरच्या खोलीत येतात, तपासूनही घेतात, पण उद्या कोणाला केंद्राच्या फेऱ्या करायच्या झाल्या तर त्याचा रोज बुडणारच. ठेक्याच्या नूतनीकरणात ही अट घालू म्हणून मालक म्हणाला होता. नूतनीकरण झालं, अट घातली नाही, कारण दर टनामागे वाढत होता. मी फार रेटलं नाही. रेटायला हवं होतं.

१ डिसेंबरला रॅली काढावी, लाल फिती वाटाव्यात, फोटो पाठवावेत, अशी मालकाच्या मुलाची कल्पना होती. मी नको म्हटलं. रॅली वाईट नसते, पण ज्या वाड्यात गेल्याच महिन्यात एकाचा रिपोर्ट फुटला आहे, तिथे फितीवाली रॅली म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवणंच.

एका कंपनीच्या सीएसआर विभागातल्या ओळखीच्या बाईंनी हे सगळं ऐकून विचारलं, “आउटपुट काय? किती पॉझिटिव्ह डिटेक्ट झाले?” कंपनीला ते माहीत नाही. पहिल्या वर्षात किती जणांनी तपासणी करून घेतली एवढा आकडा समुपदेशक देतो, निकालाचा देत नाही, आणि मालकाने एकदाही मागितला नाही. माझ्या मते हाच या प्रकरणातला सगळ्यांत मोठा बदल, पण तो प्रेझेंटेशनच्या कोणत्याच चौकोनात बसत नाही.

ड्रायव्हरचं सांगायचं तर सहाव्या महिन्याच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. बाराव्यातही नाही. हे मला त्याने सांगितलं, कंपनीला सांगितलं नाही. तो अजून हैदराबाद चालवतो.

मध्यंतरी वर्षअखेरच्या हिशोबाला ऑफिसात गेलो होतो. मुनीमकाका तारखांचं रजिस्टर घेऊन बसले होते. दोनशे छप्पन्नपैकी एकशे एक्केचाळीस घेतल्या गेल्या होत्या. कोणी शुगर दाखवायला, कोणी सुनेच्या सोनोग्राफीला, कोणी खरंच कोर्टात गेलं असेल. रजिस्टरात सगळीकडे एकच शब्द. मी सहज विचारलं, यातले तब्येतीचे किती असतील? काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“मले कायले विचारता? तारीख म्हणजे तारीख.” आणि पान उलटून पुढच्या महिन्याची बेरीज करायला लागले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, सोळा तारखेच्या ओळीत त्यांचं स्वतःचंही नाव होतं.